शंभर रुपयांची पावती

बसू नकोस. उभाच राहा. बसलास की तुझी कहाणी लांबते, आणि मला साडेचारला प्रॅक्टिकल आहे.

हा काय प्रकार आहे? शिफारसपत्र पाठवायच्या आधी अमेरिकेतल्या प्रवेशाचा अर्ज दाखव म्हटलं, म्हणून तू प्रिंट आणून दिलीस. चौथं पान उघड. न्यायालयाने तुम्हाला कधी एखाद्या गुन्ह्यात दोषी ठरवलं आहे का, असा सरळ प्रश्न आहे. पुढे दोन चौकटी. खूण कुठे केलीस? 'नाही'वर.

अरे, त्या रात्री पावणेदोनला तुझ्या वडिलांनी फोन कुणाला केला होता? काकांना नाही, मामांना नाही. मला. अनंत चतुर्दशी, २८ सप्टेंबर २०२३. मिरजेत कमानींखालून मिरवणूक चालली होती आणि ट्रॅक्टर आधी कुणाचा जाणार यावरून तुम्ही दोन मंडळांची पोरं एकमेकांच्या उरावर बसलात. पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर मी पहाटे चारपर्यंत बसले होते. तुझ्या केसांत गुलाल होता, शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता आणि डाव्या पायात चप्पल नव्हती. तोच तू आज माझ्याच हातात हा कागद देतोस? चोरी करावी, पण ज्याच्या घरात करायची त्यालाच शिडी धरायला लावू नये.

काय म्हणालास? "मॅडम, ती काही केस नव्हती. शंभर रुपये भरले, मिटलं."

मिटलं! हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले. एटीकेटी लागली, पुढच्या वर्षी काढू, मिटलं. हजेरी भरली नाही, अर्ज देऊ, मिटलं. इतकं मिटवून मिटवून तुझे डोळेच मिटलेत.

आता ऐक. तुझ्यावर भारतीय दंड विधानाचं कलम १६० लागलं होतं. सार्वजनिक ठिकाणी झुंज करून शांतता मोडणं. शिक्षा जास्तीत जास्त एक महिना कैद, किंवा शंभर रुपये दंड, किंवा दोन्ही. शंभर रुपये हा आकडा इंग्रजांच्या काळचा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिथे तोच दंड हजारापर्यंत नेला. तू त्याआधीच, फेब्रुवारीत, कोर्टात उभा राहिलास. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तू म्हणालास, कबूल. साहेबांनी शंभर रुपये दंड सांगितला, तू खिडकीवर भरलास, पावती घेतलीस आणि बाहेर येऊन मिसळ खाल्लीस. मिसळ खाल्लेली तुला आठवते. कबूल म्हणालेलं आठवत नाही.

कबूल म्हटलंस आणि कोर्टाने शिक्षा सांगितली, याला कायद्यात दोषसिद्धी म्हणतात. शंभराची असो की लाखाची. तू आरटीओची पावती फाडली नव्हतीस. गंमत अशी की दंड इतका फुटकळ, की जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ३७६ प्रमाणे प्रथमवर्ग न्यायाधीशाने फक्त शंभर रुपयांपर्यंत दंड केला असेल तर त्यावर अपीलसुद्धा नाही. इतका लहान गुन्हा, की वरच्या कोर्टाचं दार ठोठावायचीही सोय ठेवलेली नाही. आणि तू म्हणतोस मिटलं. मिटलं नाही बाळा, पक्कं झालं.

"वकिलांनी सांगितलं होतं कबूल कर म्हणून."

हो, सांगितलं असेल. वकिलाला त्या दिवशी अजून नऊ केसेस होत्या आणि तुला क्लासला जायची घाई होती. पण तू वकिलाला एक तरी प्रश्न विचारलास? साहेब, मी वीस वर्षांचा आहे, पुढे शिकायला बाहेर जायचंय, कबूल केलं तर माझ्या कागदांवर काय राहील? नाही विचारलंस. परिवीक्षा अधिनियम, १९५८ हे नाव तरी कानावर पडलंय? दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा, पहिलाच प्रसंग, असं असेल तर कोर्ट कलम ३ खाली नुसती समज देऊन सोडू शकतं. आणि त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं, की असं सोडलं तर त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला चिकटणार नाही. कोर्टाने दिलं असतं की नसतं, ते कोर्ट जाणे. पण मागितलं असतंस तर ना! मोबाइल घेताना सतरा दुकानं फिरलास, बॅटरी किती तास, कॅमेरा किती मेगापिक्सेल. स्वतःच्या नावावर गुन्हा घेताना चार मिनिटं.

ते गेलं. बैल गेला आणि झोपा केला असं मला करायचं नाही. आजचं बोलू.

ही 'नाही'ची खूण कुणाच्या डोक्यातून आली? तुझ्या? का त्या कन्सल्टन्सीवाल्याच्या? वाटलंच. "इंडियाच्या केसेस तिकडे कोण बघतंय सर, नो मारून टाका." आणि तू मारून टाकलंस. त्याची फी तू भरलीस, सही तुझी, नाव तुझं, आणि पकडला गेलास तर त्याचा फोन लागणार नाही. दुसऱ्याच्या हाताने विंचू मारणारे पाहिले होते. इथे विंचूही तूच आणलास, हातही तुझाच पुढे केलास, आणि फी देऊन.

वर हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज दाखवतोस. अमेरिकेतल्या 'कॉमन अ‍ॅप'ने गुन्ह्याचा प्रश्न काढून टाकला म्हणे. खरं आहे. २०१९-२०च्या अर्जांपासून त्यांनी सामाईक भागातून तो काढला. पण तो अर्ज बारावीनंतर पदवीला जाणाऱ्यांचा. तू मास्टर्सला चाललायस. आणि त्यांनीही सामाईक भागातूनच काढला. एखाद्या कॉलेजला स्वतःच्या पानावर विचारायचं असेल तर मुभा ठेवली. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने, ज्याला सुनी म्हणतात, २०१६मध्ये प्रवेश अर्जातून हा प्रश्न हटवायचं ठरवलं. लुईझियाना राज्याने २०१७मध्ये तसा कायदाच केला. ब्रिटनच्या युकास या प्रवेश संस्थेने २०१९च्या प्रवेशांपासून सरसकट सगळ्यांना विचारणं सोडलं. वैद्यकीय, शिक्षकी अशा काही अभ्यासक्रमांपुरतं ठेवलं. हे सगळं होतंय आणि चांगलं होतंय. पण तुझ्या समोरच्या अर्जात प्रश्न आहे की नाही? आहे. मग दुसऱ्याच्या अर्जात तो नाही म्हणून तू आनंद कसला मानतोस? शेजारच्या वर्गाचा पेपर सोपा होता म्हणून आपला कोरा द्यायचा का?

प्रश्न न वाचता उत्तर लिहायची तुझी खोड मला ठाऊक आहे. तिसऱ्या सेमिस्टरला शियर फोर्स विचारला, तू बेंडिंग मोमेंटची आकृती काढलीस. आकृती सुरेख होती, मार्क शून्य. इथेही तेच. हे प्रश्न वरवर सारखे दिसतात आणि एकही सारखा नसतो. कुणी विचारतं, दोषी ठरलात का? कुणी विचारतं, सध्या काही खटला चालू आहे का? कुणी विचारतं, कधी अटक झाली होती का? कुणी किरकोळ वाहतुकीचे गुन्हे वगळतं, कुणी अठराच्या आतलं वगळतं, कुणी फक्त गंभीर म्हणजे 'फेलनी'बद्दल विचारतं. तिकडचं फेलनी आणि मिसडिमीनर हे वर्गीकरण आपल्या कायद्यात नाही. मग अडलं तर प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा मेल टाकून विचारायचं. विचारलं म्हणून कुणी फाशी देत नाही. जेवढं विचारलंय तेवढं सांग. न विचारलेलं उगाळत बसू नकोस, आणि विचारलेलं गिळू नकोस. एवढीच अक्कल लागते, आणि ती तुला आहे. नसती तर मी हा घसा कोरडा केला नसता.

एका विद्यापीठाने तर दोषसिद्धीचा प्रश्नच ठेवलेला नाही, नुसतं शिस्तभंगाचं विचारलंय. तिथे तू काहीच लिहायचं नव्हतंस. आणि नेमकं तिथे अर्धं पान खरडलंस! जिथे बोलायचं तिथे मूग गिळायचे आणि जिथे गप्प बसायचं तिथे कीर्तन.

समज, विद्यापीठात खपून गेलं. पुढे? अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म कोण भरणार, मी? त्यात प्रश्न असा आहे, की तुम्हाला कधी अटक झाली होती किंवा शिक्षा झाली होती का, अगदी पुढे माफी मिळाली असली तरी. अटक किंवा शिक्षा. नीट वाच. तुला वाटतं अटक म्हणजे बेड्या, गजाआड, सिनेमातला पाऊस. तुझ्या जामिनाच्या कागदावर अटकेची वेळ लिहिलेली आहे, पावणेतीन. पहाटे चारला आपण घरी निघालो. सव्वा तासाची का होईना, ती अटकच. आणि हा प्रश्न तुला मुंबईच्या वकिलातीतल्या खिडकीसमोर उभं राहून कुणी तोंडी विचारला, तर? तिथेही 'मिटलं' म्हणणार?

आता जे मी सांगते ते कान उघडे ठेवून ऐक, कारण इथेच तुझा मूर्खपणा शिगेला पोचतो. अमेरिकेच्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात एखाद्या किरकोळ गुन्ह्याला सूट आहे. गुन्हा एकच, त्याची कमाल शिक्षा एक वर्षाच्या वर नाही, आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त कैद सुनावलेली नाही, तर नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यालासुद्धा ते अपवाद करतात. तुझा गुन्हा काय? कमाल एक महिन्याचा. सुनावलं काय? शंभर रुपये. खरं सांगितलंस तर अधिकारी चार प्रश्न विचारील, निकालाची प्रत बघेल, आणि बहुतेक कपाळाला आठीही पडणार नाही. पण त्याच कायद्यात, महत्त्वाची बाब लपवून व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला, तर आयुष्यभराची अपात्रता आहे. मग त्यातून सूट मागत फिरायचं, वकील करायचे, वर्षं घालवायची. म्हणजे शंभर रुपयांचा गुन्हा तुला बुडवत नाही. तो लपवायला तू जी एक खूण केलीस, ती बुडवते. डास मारायला घर पेटवणारा तूच पहिला.

नशीब समज, पासपोर्ट तू अकरावीतच काढला होतास. खटला चालू असताना अर्ज केला असतास, तर १९६७च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे कोर्टाची परवानगी आणावी लागली असती. आणि तिथेही 'नाही' ठोकलं असतंस तर त्या कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. शंभर रुपयांवरून दोन वर्षांवर. व्याजाचा हा दर सावकारही लावत नाही.

मान खाली घालू नकोस. वर बघ. काल रात्री अकरा वाजता मला काय मेसेज केलास तेही बोलायचंय. "मॅडम, मग मी अप्लायच करत नाही. नशिबातच नाही."

वा! आधी खोटं, ते जमेना तर पळ. मधला रस्ता दिसतच नाही का रे तुला? खरं लिहून उभं राहायचं, हा रस्ता?

२०१५मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका संस्थेने याच सुनीच्या अर्जांचा अभ्यास केला होता. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्याची चौकट ज्यांनी खरी भरली, त्यांच्यातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांनी अर्ज पुरा केलाच नाही. एरवी अर्धवट सोडणारे शंभरात एकवीस. त्यांना विद्यापीठाने नाही म्हटलं नव्हतं. विद्यापीठाने जादा कागद मागितले, माणसं खचली आणि निघून गेली. समितीने नाकारलेल्या एका माणसामागे पंधरा जण स्वतःच गळाले होते. त्यांचे गुन्हे गंभीर होते, कुणी वर्षानुवर्षं तुरुंगात काढून आले होते. त्यांचं खचणं मला समजतं. तुझं काय? तुझ्यावर एक पावती आहे. शंभराची. तेवढ्यासाठी तू तीन वर्षांचा अभ्यास, जीआरईची ती रात्रीची जागरणं, आईने मोडलेली ठेव, सगळं पाण्यात सोडायला निघालास? आणि त्याला नशीब नाव देतोस? आळसाला नशीब म्हणायची तुम्हा पोरांची ही हुशारी मला ठाऊक आहे. नकलेसाठी कोर्टात दोन हेलपाटे मारायला लागतात, त्याचा कंटाळा आलाय तुला. दुसरं काही नाही.

तुझ्या चुलतभावाला बघ. पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला मैदानावर असतो. तोही त्याच रात्री तुमच्याबरोबर होता, तोही त्याच केसमध्ये. त्याला मी परवा सांगितलं, चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर सगळं लिही. तो म्हणाला, लिहिणार. घाबरलाय, पण लिहिणार आहे. सरकारी नोकरीत हे किती महाग पडतं ते माहिती आहे? २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं, की अटक, खटला, शिक्षा, सुटका याबद्दल उमेदवाराने दिलेली माहिती खरीच पाहिजे, लपवाछपवी नको. गुन्हा अगदी क्षुल्लक असेल, कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखा, तर नोकरी देणारा लपवल्याकडे कानाडोळा करू शकतो. पण तो त्याचा अधिकार, उमेदवाराचा हक्क नव्हे. आणि खरं सांगितलं तरी तो विचार करून नाही म्हणू शकतो. म्हणजे खात्री कुणालाच नाही. तरी तो पोरगा लिहितोय. बारावीला त्याला बावन्न टक्के होते, तुला एक्क्याण्णव. हुशार कोण ते तूच सांग.

आणि दिल्लीच्या त्या संदीप कुमारचा दाखला देऊ नकोस मला. तू दाखवलेला तो लेख मीही वाचला. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल व्हायला निघालेल्या मुलाने जुनी मारामारीची केस सुरुवातीच्या अर्जात सांगितली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला माफ केलं. तरुण वयात चुका होतात, असं म्हणत कादंबरीतल्या, पाव चोरणाऱ्या ज्याँ व्हाल्ज्याँची आठवण काढली. फार सुंदर. निकाल वाचताना माझेही डोळे पाणावले. पण तारखा वाचल्यास का? अर्ज १९९९चा, निकाल २०११चा. बारा वर्षं. बारा वर्षांत तुझी ज्युनिअर पोरं प्रोफेसर होतील. न्यायालयाची करुणा मिळते रे, पण ती मिळेपर्यंत जवानी संपते.

घरी जाऊन धाकट्यालाही दोन गोष्टी सांग, तो अजून सतराचा आहे आणि तुझ्याच मागे मंडळात नाचतो. अठराच्या आत काही झालं आणि बाल न्याय कायद्याखाली निकाली निघालं, तर त्याची अपात्रता पुढे चिकटत नाही, आणि मिटलेल्या केसची नोंद पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यात द्यायची नाही, असं २०१५च्या कायद्यात आहे. सोळाच्या वरच्यावर मोठ्यासारखा खटला चालवला, तर अपात्रतेतली ही सवलत नाही. आणि हे धिंगाण्याचं लायसन्स नव्हे, हेही सांग. पुढच्या वर्षी तो इंजिनीअरिंगला येईल. होस्टेलवर ज्युनिअर मुलांना रात्री उठाबशा काढायला लावल्या आणि दोषी ठरला, तर आपल्या राज्याचा १९९९चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून हकालपट्टी आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात प्रवेश नाही. पाच वर्षं! 'गंमत केली' म्हणायला तोंड उरत नाही मग.

आता तुझं हे निवेदन. कन्सल्टन्सीवाल्याने लिहून दिलं ना? नाही? तूच लिहिलंस? मग जास्त वाईट. सहाशे शब्द आहेत. मी मोजले. त्यात 'अपरिहार्य परिस्थिती' दोनदा, 'मित्रांचा दबाव' तीनदा, 'सांस्कृतिक उत्सवाचा जल्लोष' एकदा. प्रसंग 'उद्भवला', गैरसमज 'निर्माण झाला', बाचाबाची 'घडली'. सगळं आपोआप. पाऊस पडावा तसं. सहाशे शब्दांत 'मी मारलं' हे दोन शब्द नाहीत. त्या समोरच्या पोराचा ओठ कुणी फोडला मग, परिस्थितीने? त्याला दोन टाके पडले. हे तुला माहिती तरी आहे का? नसेल. तू मिसळ खात होतास.

फाड ते. लिही: २८ सप्टेंबर २०२३ रोजी विसर्जन मिरवणुकीत रस्ता कुणाचा यावरून मी दुसऱ्या मंडळाच्या मुलांशी मारामारी केली. मी एकाला तोंडावर मारलं. पोलिसांनी मला अटक करून त्याच रात्री जामिनावर सोडलं. मी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि मला शंभर रुपये दंड झाला. निकालाची प्रत सोबत आहे. त्याआधी आणि त्यानंतर माझ्यावर एकही गुन्हा नाही. संपलं. सहा वाक्यं. 'मी खूप काही शिकलो' हे लिहायचं नाही. शिकलास की नाही ते दिसेल. लिहून शिकल्यासारखं होत नसतं, नाहीतर तुझ्या प्रत्येक जर्नलवर मी सही केली आहे, तू आतापर्यंत शास्त्रज्ञ झाला असतास.

जुन्या पुलाच्या पाहणीला मी तुम्हाला नेलं होतं, आठवतं? खांबावर एक बारीक तडा होता. केसाएवढा. त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवलेली होती आणि बाजूला तारीख लिहिलेली होती. तूच विचारलं होतंस, मॅडम, तडा असा सगळ्यांना दिसेल असा का ठेवतात, वरून प्लास्टर का मारत नाहीत? काच फुटली तर तडा वाढतोय, शाबूत राहिली तर तडा थांबलेला आहे, असं मी सांगितलं होतं. तू वहीत लिहून घेतलंस. परीक्षेत बरोबर लिहिलंस. पाचपैकी पाच.

"बाबा म्हणतात, पोरं आहेत, होतं असं." बाबांना म्हणावं, होतं हे मान्य. झालं ते मी तुम्हाला त्या रात्रीही बोलून दाखवलं नव्हतं. उलट घरी येऊन चहा प्यायले होते. मारामारी केलीस म्हणून मी आज ओरडत नाहीये. वीस वर्षांच्या पोराच्या हाताला खाज असते. मी ओरडतेय ते या चौथ्या पानासाठी. हे तू वीस वर्षांचा असताना, गुलालात, गर्दीत, डीजेच्या आवाजात केलेलं नाहीस. बावीस वर्षांचा असताना, एसी खोलीत, खुर्चीवर बसून, पूर्ण शुद्धीत केलंस. त्या रात्रीला काहीतरी सबब होती. याला कोणती आहे?

आणि ते तुमचे नगरसेवक काका, "कागद हलवून देतो, रेकॉर्डच काढून टाकतो" म्हणणारे. त्यांच्या दारात पाऊल टाकलंस तर पुन्हा माझ्या केबिनमध्ये येऊ नकोस. ठाण्यातला कागद आता एका कपाटात नसतो रे, पोलिसांच्या सीसीटीएनएस या संगणक यंत्रणेवर चढलेला असतो. आणि नसता चढला, तरी.

एखादं विद्यापीठ नको म्हणेलही. म्हणू दे. तू सात ठिकाणी अर्ज करतोयस, मला यादी पाठ आहे. तुझं सातवं सेमिस्टर, तुझा तो भूकंपरोधक जोडाचा प्रकल्प, सगळं मी पत्रात लिहिलंय. त्या रात्रीचंही लिहिलंय. हो, लिहिलंय. जिथे प्रश्न विचारलाय तिथल्या पत्रात एक परिच्छेद आहे: मी त्या रात्री तिथे होते, पुढची दोन वर्षं याला पाहिलंय, आणि माझ्या प्रयोगशाळेची किल्ली आजही याच्याकडे असते. ते पत्र मी 'नाही'च्या खुणेबरोबर पाठवू? एकाच अर्जात तू म्हणणार झालंच नाही आणि मी म्हणणार झालं होतं, मी बघितलं? दोघांतला एक खोटा ठरेल, आणि तो मी नसेन.

सोमवारी साडेदहाला कोर्टात जा. नक्कल विभाग विचार. केस नंबर पावतीवर आहे; पावती हरवली असशीलच, म्हणून माझ्याकडची झेरॉक्स घे. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज कर, तिकीट लाव, तारीख देतील त्या तारखेला परत जा. प्रत मराठीत मिळाली तर इंग्रजी भाषांतर करून घे. चौथं पान उघड, खूण बदल, सहा वाक्यं लिही, मला दाखव. मग मी माझं पत्र चढवते.

विद्यापीठाची लिंक माझ्या मेलमध्ये पडून आहे. १५ डिसेंबरला रात्री बंद होते.

जा आता. आणि किल्ली ठेवून जाऊ नकोस, साडेचारच्या प्रॅक्टिकलला मशीन तुलाच चालू करायचंय.